जावयासमोर

२ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टर म्हणाले, "पाटील, राग आला की बोलू नका, लिहून काढा. बीपी उतरेल." म्हणून ही वही. अमळनेर स्टँडवर जन्म काढला, माइकवरून गाड्या पुकारल्या, प्रवाशांच्या शिव्या खाल्ल्या, ड्रायव्हरांना दिल्या, तेव्हा कधी बीपी नव्हतं. निवृत्त झालो आणि आलं. आता घरात चिडायचं कोणावर? सुनंदावर चिडलो तर ती गुडघा दाखवते. सप्टेंबरात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जिना चढायला बंदी आहे. तेव्हापासून घरात तिचंच राज्य.

आज जळगावला जाऊन सासूबाईंना भेटून आलो. नाव ताईबाई, पण सगळे अक्काच म्हणतात. वय एक्क्याऐंशी. उन्हाळ्यात पडल्या, खुबा मोडला. तेव्हापासून उठणंबसणं दुसऱ्याच्या हातावर आलं. मुलगा भूषण पुण्यात, नवराबायको दोघंही नोकरीला. आमच्याकडे चला म्हणालो. दोनदा म्हणालो. "जवाईना घर मी पाय पसरी पडू का?" म्हणाल्या, विषय संपला. लेकीच्या घरचं पाणी प्यायलाही ही जुनी माणसं संकोचतात, मी काय करणार? सुनंदाचं म्हणणं, तिसऱ्यांदा आग्रह करायला हवा होता. हिला प्रत्येक गोष्टीत तिसरी वेळ लागते.

मग भूषणने म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारं हे केंद्र शोधलं. नाव लिहीत नाही. नावात माया, सावली, आधार सगळं कोंबलेलं आहे. वरच्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, त्यामुळे सुनंदाला जाता येत नाही. रविवारी मीच जातो. शनिवारी फोन करून कळवतो आणि मगच निघतो. न सांगता कोणाच्या दारात उभं राहणं आपल्याला जमत नाही, समोरच्याची उगाच तारांबळ होते. कुंदन म्हणून मॅनेजर आहे, अदबीचा पोरगा. म्हणाला, "काका, सगळे नातेवाईक तुमच्यासारखे असते तर!"

अक्का इस्त्रीच्या लुगड्यात, खुर्चीवर बसवलेल्या. पावडरचा वास येत होता. मी आत गेलो तसा त्यांनी पदर नाकापर्यंत ओढला आणि हातही पदराखाली घेतले. इतक्या दुखण्यातसुद्धा जावयासमोरची रीत सोडली नाही. बरं वाटलं.

"बरं शे ना अक्का?"

"बरं शे."

लग्न झाल्यापासून आमचं बोलणं एवढंच आहे.

घरी आलो तर सुनंदाने फैलावर घेतलं. काय जेवली, काय म्हणाली, तिची वेणी कोण घालून देतं? अरे, सासूची वेणी कोण घालतं ते मी बघत बसू का? ठीक आहे म्हणजे ठीक आहे. चिडलो. बीपी मोजलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सुनंदाने पहाटे उठून कळण्याची भाकरी आणि ठेचा करून दिला. अक्कांच्या जिवाचा खाऊ. त्या माझ्यासमोर कधीच जेवत नाहीत, म्हणून डबा उशाशी ठेवून आलो.

शेजारच्या पलंगावर बेबाबाई नावाची म्हातारी आहे. तिने माझा सदराच धरला. "पानी दे रे भो, पानी." सोडेचना. मी तांब्या शोधायला वळलो तर कुंदन धावत आला. "काका, नका देऊ. त्यांना मोजूनच द्यावं लागतं. डोक्यानेही जरा गेल्यात. पुढेमागे कोणी नाही, गावातल्या लोकांनी आणून सोडलं." सदऱ्याचं बटण तुटलं ते तुटलंच. अशा बाईला आमच्या अक्कांच्या शेजारी ठेवतात, हे मला पटलं नाही आणि मी कुंदनला तसं सुनावलंही. तो म्हणाला, बघतो काका.

१६ नोव्हेंबर, रविवार

अक्का झोपलेल्या. हाका मारल्या, डोळे अर्धे उघडले, पुन्हा मिटले. पदर मात्र झोपेतही डोक्यावर होता, कोणीतरी नीट खोचून ठेवलेला. कुंदन म्हणाला, थंडी पडली की म्हाताऱ्या माणसांचं असंच होतं. ते खरं असावं. मीसुद्धा हल्ली दुपारी आडवा होतो.

ठेचा फार झणझणीत होता म्हणे. "आमच्या मावशींना तर जाम आवडला," कुंदन म्हणाला. मावशी म्हणजे तिथल्या सांभाळणाऱ्या बायका. अक्कांना पहिल्यापासून वाटून खायची सवय आहे.

बेबाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. आज गप्प होती, बरं झालं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पुनमचा सुरतहून फोन. आमची एकुलती एक, तिथल्या मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. बापाची उलटतपासणी घेते.

"पप्पा, आजीचे ओठ कोरडे असतात का?"

"थंडी आहे."

"वजन उतरलंय का?"

"लुगड्यात कसं कळणार?"

"इतके रविवार गेलात, आजी नीट जागी किती वेळा होती? हात बघितले का? पाठ बघितली का?"

इथे माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "बाई गं, मी जावई आहे त्यांचा. सासूबाईंची पाठ बघू? तुझ्या सुरतेत चालत असेल." ती म्हणाली, "तेच तर, पप्पा. तुमच्यासमोर ती काहीच दाखवणार नाही. म्हणून तर तुम्ही गेलेलं त्या केंद्रवाल्यांना चालतं."

पोरींना शिकवलं की त्या बापाला शिकवतात. फोन सुनंदाच्या हातात दिला आणि ओट्यावर जाऊन बसलो.

२३ नोव्हेंबर, रविवार

सुनंदाच्या हट्टापायी व्हिडिओ कॉल लावून दिला. फोन कुंदननेच धरला, माझा हात हलतो म्हणून. अक्का स्क्रीनकडे बघत राहिल्या. सुनंदा इकडून "माय, माय" करत होती. अक्कांचे ओठ हलले पण आवाज नाही आला. मग कुंदन म्हणाला, आजी दमल्या.

घरी आलो तर सुनंदा भिंतीला टेकून बसलेली, चूल थंड. "तिचे ओठ फुटलेत. माझी माय माझ्याशी न बोलता राहील का? ती घाबरलीये." मी म्हणालो, तुला तिथे जाता येत नाही म्हणून तुझ्या मनाचे खेळ चाललेत. ती म्हणाली, "मग मी जाते. जिना बसून चढते." बोलून बोलून बीपी वाढवलं माझं. दोघांनीही रात्री काही खाल्लं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

आज काय झालं ते नीट लिहितो.

अक्का खुर्चीवर, पदर नाकापर्यंत, नेहमीसारख्या. कुंदनला खालून कोणी हाक मारली, तो गेला. मी आपला "बरं शे ना?" म्हणालो. त्या "बरं शे" म्हणाल्या. तेवढ्यात शेजारून बेबाबाई बोलली. चक्क शुद्धीवर असलेल्या माणसासारखी, हळू आवाजात.

"तुमनी सासू तुमले लाजस. मी तुमनी कोनी नही, माले कसानी लाज? हाई दखा."

आणि तिने पांघरुणातून हात बाहेर काढले. दोन्ही मनगटांभोवती काळेनिळे वळ, जुन्यावर नवे, एका जागी कातडी सोललेली. मी बघतच राहिलो.

"रातले बांधतस. माले, तुमनी सासूले, बठ्ठासले बांधतस. पानी देतस नही, पानी पीधं का कपडा ओला व्हस ना. तुम्ही सांगीसन येतस, म्हनीसन हाई लुगडं, हाई पावडर. एकदाव न सांगता या."

मी अक्कांकडे वळलो. "अक्का, हे खरं शे का?" त्यांनी मान खाली घातली. हात पदराखालीच. हात दाखवा म्हणायला माझी जीभ रेटेना. जावयाने सासूला हात दाखवा म्हणायचं? पण त्या हातांचा आकार पदरावरून दिसत होता. मुठी घट्ट आवळलेल्या होत्या.

मी ओरडणारच होतो. अख्ख्या स्टँडला ऐकू जाणारा आवाज आहे माझा. बेबाबाईने पुन्हा सदरा धरला. "बोंबलू नका. तुम्ही गयात का मार आम्हले पडी." आयुष्यात पहिल्यांदा राग गिळला. कुंदन वर आला, चहा घेता का काका म्हणाला. मी नको म्हणालो. त्याच्या थोबाडाकडे बघून मी नको म्हणालो आणि जिना उतरलो, हे माझं मलाच खरं वाटत नाही.

बसमध्ये कंडक्टरने ओळखून नमस्कार घातला, त्याच्यावर उगाच खेकसलो.

सुनंदाला सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. रडली नाही. पुनमला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "निघून ये."

१ डिसेंबर, सोमवार

भूषणला फोन केला. तो म्हणे, "भाऊजी, वेड्या बाईच्या सांगण्यावरून... मी कुंदनशी बोलून घेतो." मी म्हणालो, कुंदनशी एक शब्द बोललास तर पुण्याला येऊन तुझ्या सोसायटीत तमाशा करेन. हा मुलगा वर्षाला एकदा आईच्या पाया पडतो आणि फोटो टाकतो.

३ डिसेंबर, बुधवार

पुनम काल सुरत गाडीने उतरली. आज सकाळच्या पहिल्या बसने आम्ही दोघं जळगावला गेलो. कोणालाही न कळवता.

जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळीचं दार आहे, रविवारी ते सताड उघडं असतं. आज कुलूप. थोड्या वेळाने एक बाई कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आली, तशी पुनम तिच्या बाजूने आत शिरली, मागोमाग मी. "अहो, आज भेटायचा वार नाही, साहेबांना विचारा," करत ती बाई आमच्यामागे जिना चढत होती. पुनमने वळूनही बघितलं नाही.

दार ढकललं आणि वासाने डोळ्यांत पाणी आलं. रविवारी याच खोलीत पावडरचा वास असतो.

अक्का पलंगावर होत्या. अंगावर गाऊन, ओला. अंगावर पांघरूण नाही आणि खिडकी उघडी. दोन्ही मनगटं जुन्या लुगड्याच्या फाडलेल्या पट्ट्यांनी पलंगाच्या दांड्याला बांधलेली. डोक्यावर केस नव्हते. कात्रीने कसेबसे भादरलेले, कुठे बोटभर, कुठे तेवढेही नाहीत. सुनंदा वेणीचं विचारत होती.

त्यांनी मला बघितलं. पदर घ्यायला हात उचलायला गेल्या, पट्टी ताणली, हात तिथेच अडकला. पदरही नव्हता म्हणा, गाऊनला कुठला पदर. मग त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून डोळे मिटून घेतले.

मी मागे फिरून दाराबाहेर गेलो. आपोआप गेलो. आतून पुनमचा आवाज आला, पेशंटच्या नातेवाइकांवर ओरडतात तसा: "पप्पा! आत या. लाजायचं नंतर बघू, आधी हे कापायला धरा."

तिच्या पर्समध्ये कात्री होती. मी हात धरला, तिने पट्टी कापली. सासूबाईंचा हात मी आज पहिल्यांदा हातात धरला. पुनमने त्यांना कुशीवर केलं, मोबाइलमध्ये फोटो काढले. मी तोंड फिरवणार होतो, पण तिने धरून ठेवा म्हटलं, म्हणून बघावं लागलं. माकडहाडापाशी जखम, वाटीएवढी, आतपर्यंत गेलेली. ही एका आठवड्याची नाही, पुनम म्हणाली. म्हणजे मी "बरं शे ना" विचारत होतो तेव्हा अक्का त्या जखमेवर बसलेल्या होत्या. इस्त्रीच्या लुगड्यात.

कुंदन आला. शर्टाची बटणं लावत आला. "काका, असं न सांगता? आजी पडतात, त्यांच्या सुरक्षिततेसाठी..." मी काय काय बोललो ते वहीत लिहिण्यासारखं नाही. खालच्या दुकानदारांनी मान वर करून बघितलं, एवढं आठवतं. त्याची कॉलर माझ्या मुठीत होती आणि पुनम म्हणत होती, "पप्पा, त्याला सोडा आणि आजीला उचला. ते जास्त गरजेचं आहे." पोरगी बरोबर बोलत होती.

गळ्यातला मफलर काढून अक्कांच्या डोक्याला गुंडाळला. चादरीत घेतलं आणि उचललं. अंगात जोर आणून उचललं आणि तोलच गेला, कारण हातात वजनच नव्हतं. जिना उतरताना त्यांचं तोंड माझ्या खांद्यात लपवलेलं. सगळा वेळ पुटपुटत होत्या, "माफ करा पाव्हना, माफ करा." त्या माझी माफी मागत होत्या! कुंदनने मागितली नाही, भूषणने मागितली नाही.

वरून बेबाबाई ओरडत होती, "माले बी ली चला रे भो! माले बी!" मी नेतो, नेतो म्हणालो. अक्कांना रिक्षात घालायचं होतं.

४ डिसेंबर, गुरुवार

सिव्हिलला दाखल केलं. पोलिस केस म्हणून नोंद झाली, पुनमने ठाण्यात फोटो दाखवले, तक्रार दिली. ज्येष्ठांच्या हेल्पलाइनलाही तिनेच फोन लावला. सलाइन लावल्यावर अक्का संध्याकाळी नीट जाग्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीरात पाणीच नव्हतं, शिवाय झोपेचं औषध बरंच पोटात गेलेलं दिसतंय. मी थंडी समजत होतो.

पुनमने मला पायऱ्यांवर बसवून समजावलं, शाळेतल्या पोराला सांगतात तसं. माणूस सारखा गुंगीत असेल, ओठ फुटले असतील, एकटं बोलू देत नसतील, आधी कळवल्याशिवाय आत घेत नसतील, तर विचारपूस करायची नाही, सरळ अंगावरचं कापड बाजूला करून बघायचं. मी ऐकून घेतलं. मध्ये बोललो नाही.

ठाण्यात इतर म्हाताऱ्यांचंही सांगितलंय. साहेब म्हणाले, माणूस पाठवतो.

७ डिसेंबर, रविवार

भूषण आला. दवाखान्यात आईजवळ बसून रडला, मग मला व्हरांड्यात घेऊन गेला. "भाऊजी, आई सुटली ना? मग आता तक्रार कशाला ताणायची? पेपरात आलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील, पोराने आईला टाकलं म्हणतील. केंद्राचे मालक घरी येऊन माफी मागायला तयार आहेत."

मी म्हणालो, तुला लोकांची लाज वाटते, आईची नाही. तो म्हणाला, "तुम्ही तरी दर रविवारी काय बघत होतात?"

हरामखोर. त्याला बोलायचं तोंड तरी आहे का? मी निदान जात होतो. दर रविवारी जात होतो. व्हरांड्यातल्या लोकांनी मध्ये पडून आम्हाला दूर केलं. तक्रार मागे घेणार नाही, पाटीलकीची शपथ घेऊन सांगितलंय.

१२ डिसेंबर, शुक्रवार

अक्कांना अमळनेरला घरी आणलं. या वेळी मी विचारलंच नाही. रिक्षा थेट आमच्या दाराशी. सुनंदाने मधल्या खोलीत पलंग लावून ठेवला होता. मायलेकींनी एकमेकींच्या गळ्यात पडून जो आवाज काढला तो गल्लीत सगळ्यांनी ऐकला. सुनंदाने मफलर सोडला, भादरलेलं डोकं बघितलं आणि तळहाताने नुसती चोळत राहिली.

पुनम ड्रेसिंग कसं करायचं ते आम्हा दोघांना शिकवून सुरतेला परतली. सुनंदाला वाकता येत नाही, त्यामुळे कुशीवर धरायचं काम माझं. अक्का डोळे मिटून घेतात. मीही दुसरीकडे बघतो. काम होतं.

१४ डिसेंबर, रविवार

जबाब घ्यायला पोलिस ठाण्यातून बाई आल्या. तरुण आहेत, बोलायला कडक. मी उठून बाहेर निघालो तर अक्का म्हणाल्या, "बठा पाव्हना. आते काय ऱ्हायनं झाकाले?"

मी दाराशी बसलो. त्यांनी सगळं सांगितलं. कोण बांधायचं, भाकरीचा डबा कोण घेऊन जायचं, केस का कापले. विंचरायला वेळ जातो म्हणून कापले. आवाज चढला नाही की रडल्या नाहीत. मी मात्र वहाणेचा पट्टा इतका पिळला की तुटला.

बाई म्हणाल्या, आजी, अजून काही? अक्कांनी त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. पदर होता डोक्यावर, पण मागे सरलेला, डोळे दिसत होते. इतक्या वर्षांत त्यांचे डोळे मी असे समोरून बघितलेले नाहीत.

"बेबानं काय? तिले कोनी आनं का?"

मी म्हणालो, पोलिसांना सांगितलंय, ते बघतील.

"तिनी सांगं म्हनीसन मी आठे तुमना घर शे. तिले काय व्हयनं व्हई?"

बाईंनी पेन थांबवलं. अजून तिथे कोणी गेलेलं नाही, त्यांनी कबूल केलं. साहेबांनी माणूस पाठवतो म्हणून दहा दिवस उलटले. मला चिडायचं होतं पण कोणावर ते सुचेना.

१५ डिसेंबर, सोमवार

अक्का जेवल्या नाहीत. विचारलं तर तेच: बेबानं काय.

दिवसभर ठाण्यात फोन करत राहिलो. शेवटी त्या बाईच उद्याचं बघते म्हणाल्या. समाजकल्याणच्या माणसालाही सोबत घेणार आहेत. तुम्ही आलात तर खोली दाखवता येईल म्हणाल्या. सुनंदाने बटण तुटलेला सदरा बाजूला काढून दुसरा इस्त्री करून ठेवला.

१६ डिसेंबर, मंगळवार

कुणालाही न कळवता गेलो.

खोल्या धुतलेल्या होत्या. प्रत्येक पलंगावर नवी चादर. म्हणजे कळवलं कोणीतरी होतंच. अक्कांच्या पलंगावर दुसरी म्हातारी होती. शेजारचा पलंग रिकामा.

"बेबाबाई कुठे आहेत?" पोलिस बाईंनी विचारलं.

कुंदन म्हणाला, त्या जरा आक्रमक झाल्या होत्या, म्हणून मागच्या खोलीत ठेवलंय. आराम करतायत. त्याच्यासोबत आज मालक होते, पांढऱ्या शर्टातले, बोलायला फार गोड. मागची खोली उघडायला किल्ली सापडेना. मी म्हणालो, किल्ली सापडली नाही तर दार मी उघडतो. सापडली.

खोलीला खिडकी नव्हती. बेबाबाई जमिनीवर, गादीवर. हात मोकळे होते, नुकतेच मोकळे केलेले, पट्टीचा ठसा ताजा होता. डोळ्याखाली निळा डाग. तिने मार पडेल म्हटलं होतं.

समाजकल्याणच्या माणसाने बघितलं आणि खिशातला रुमाल नाकाला लावला. म्हणाला, यांना दवाखान्यात हलवायला पाहिजे. मालक पुढे झाले. "साहेब, नक्की हलवू. आम्ही आमच्याच डॉक्टरांकडे नेतो. पण बाहेरच्या कोणाच्या ताब्यात कसं देणार? त्यांना नातेवाईक नाहीत. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? त्यांचं कोणी असतं तर आम्ही लगेच दिलं असतं." आणि माझ्याकडे वळून, हसून: "काका, तुमचा राग समजू शकतो. पण तुम्ही यांचे कोण?"

पोलिस बाई कागदाकडे बघत होत्या. समाजकल्याणचा माणूस घड्याळाकडे. हे सगळे आता चहा घेतील, दोन दिवसांत कळवतो म्हणतील, जिना उतरतील, आणि जाळीला कुलूप लागेल. मला ते डोळ्यांसमोर दिसत होतं.

"जावई," मी म्हणालो.

मालकांचं हसू तिथेच थिजलं. कुंदन म्हणाला, "काका, खोटं बोलू नका, तुम्ही ताईबाईंचे जावई." मी स्टँडवरच्या आवाजात म्हणालो, "दोघींचा. कर कुठे तक्रार करायची ती."

पोलिस बाईंनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं, परवाच माझ्या घरी जबाब घेऊन गेल्या होत्या. मग त्या गुडघ्यावर बसल्या, बेबाबाईच्या तोंडाशी वाकल्या. "आजी, यांना ओळखता का तुम्ही?"

बेबाबाईने मान वळवली. एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, नाही म्हणेल. नाही म्हणण्याचा तिचा हक्क होता. बराच वेळ बघत राहिली.

"वळखस," ती म्हणाली. "भलता उशीर करा यानी."

बाईंनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं आणि खाली नातेवाईक म्हणून माझी सही घेतली.